भिंतीवरची कोरी जागा

आमच्या भाऊजींना मांडी घालून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवायला बसले तरी एक गुडघा वर आणि टाच जमिनीला रोवलेली. कुणी हाक मारली की ताटावरून तसंच उठून जायची तयारी. सासूबाई म्हणायच्या, "किस्ना, अन्नाले तरी टेक दे बापा." ते हसायचे, भाकरीचा शेवटचा तुकडा हातात घेऊन अंगणात जायचे आणि येरझारा घालत तो संपवायचे. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, की हे कुठेतरी गावाला निघाले आहेत आणि यांची गाडी चुकते आहे.

ते माझे धाकटे दीर. नाव किसन, पण गाव त्यांना 'पलटण' म्हणायचं. आमचं गाव अनसिंगच्या आसपासचं, काळ्या जमिनीचं. कपाशी, ज्वारी, तूर यांच्यापलीकडे तिथे कुणाला काही सुचत नसे. त्या गावातून मोठ्या लढाईवर गेलेला हा एकच माणूस. सैन्यात लॉरी चालवायला शिकले, बोटीत बसून आफ्रिकेच्या वाळवंटात गेले, तिथे शत्रूच्या हाती सापडले आणि इटलीत कैदेत राहिले. परत आले तेव्हा घरच्यांनी त्यांची आशा सोडलेली होती. माझे यजमान थोरले. ते शेताला खिळलेले, मोजकं बोलणारे. धाकट्याची ही धावपळ त्यांना डोळ्यांत कुसळ गेल्यासारखी खुपायची.

भाऊजींचं एक बोलणं साऱ्या गावाला पाठ झालं होतं. "त्यायच्या टोपीवर पान, आमच्या टोपीवर नंबर." छावणीत तारेच्या पलीकडे गोरे कैदी होते, पण ते सगळे एका देशाचे नव्हते. कुणाच्या टोपीवर झाडाचं पान, कुणाच्या बटणावर काटेरी फूल, कुणाच्या बाहीवर नेच्याचं पातं. ज्याच्या त्याच्या देशाची ती खूण; भाऊजींच्या टोपीवर नुसता पलटणीचा नंबर. एका नाताळात त्यांनी जेवणघराच्या भिंतीवर या खुणा रंगवायला घेतल्या. एका उंच गोऱ्यानं तारेपाशी येऊन भाऊजींना विचारलं, तुमच्या देशाचं फूल कोणतं? भाऊजींना दसऱ्याची आठवण आली आणि ते म्हणाले, झेंडू. "साऱ्या देशाच्या वतीनं मी एकटाच बोललो, वहिनी, अन् कोनालेच न इचारता बोललो," असं ते मला सांगायचे. मग भिंतीवर झेंडू निघाला का, असं मी विचारलं की उठून जायचे.

तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्या मागे लागला होता, आणि तो त्यांनी सगळ्यांच्या मागे लावला. बाजारात, मोटारीत, पाणवठ्यावर, जो भेटेल त्याला विचारायचे, आपल्या देशाचं फूल कोणतं म्हणावं? पोहरादेवीच्या यात्रेत आम्ही सगळे गेलो होतो, तर दर्शनाची रांग सोडून हे माणसांच्या मागे. एक लमाण बाई म्हणाली, पळस. वाशीमचा कापडवाला म्हणाला, गुलाब. एका म्हातारीनं तुळस सांगितली आणि तिला फुलाचा मान नाही म्हणणाऱ्याशी भांडली. एक शेतकरी मात्र विचार करून म्हणाला, "कपाशीचं. जे फूल आंग झाकते, तेच देशाचं." हे उत्तर भाऊजींना इतकं आवडलं की घरी येईपर्यंत ते बैलगाडीच्या बाजूनं चालतच होते, गाडीत बसले नाहीत. चार-सहा दिवस त्यांना शांत झोप लागली असावी. मग पुन्हा विचारणं सुरू.

त्यांचं लग्न जमवायचा प्रयत्न झाला, नाही असं नाही. रिसोडकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलीचे वडील ओसरीवर बसले, पाणी झालं, चहा झाला. यजमान जमिनीविषयी सांगत होते. इतक्यात भाऊजी आले आणि नमस्कार करून त्यांनी पाहुण्यांना फुलाचं विचारलं. पाहुण्यांना वाटलं, ही काही परीक्षा आहे. ते घाबरून म्हणाले, "आमी साधे मानसं हाओ." त्यांचा निरोप पुढे आलाच नाही. यजमान आठ-पंधरा दिवस भावाशी बोलले नाहीत. भाऊजींना लग्न मोडल्याचं नाही, पण त्या अबोल्याचं फार लागलं. दादा बोलले नाहीत की ते घरात आत-बाहेर करत राहायचे. शेवटी त्यांनीच औताजवळ जाऊन काहीतरी विचारलं आणि यजमानांना उत्तर द्यावं लागलं.

एके दिवशी शाळेच्या गुरुजींनी पारावर सांगितलं, की आता देशाचं फूल कमळ. मुलांना तसंच शिकवायचं आहे. सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. मला वाटलं ते वाद घालतील. पण ते एवढंच म्हणाले, "ठरलं ना? ना त्याचं, ना माहं. बरं झालं." 'त्याचं' म्हणजे कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. मग त्यांनी गुरुजींनाच विचारलं, की तुम्ही कमळ पाहिलं आहे का. गुरुजींनी लक्ष्मीच्या तसबिरीत पाहिलं होतं. पारावरच्या कुणीच खरं कमळ पाहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, देशानं फूल ठरवलं आणि आपण त्याला ओळखतही नाही, असं कसं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं अंथरूण घरात होतं आणि ते नव्हते.

परतले ते खूप दिवसांनी, अंगावर ताप घेऊन आणि खांद्यावर ओलं पोतं. भंडाऱ्याकडे तळी फार, म्हणून तिकडे गेले होते. तिथले मासे धरणारे ढिवर लोक कमळाचे कंद भाजी करून खातात. त्यांच्यात राहून, त्यांच्याबरोबर पाण्यात उतरून भाऊजींनी हे कंद आणले होते आणि रेल्वेत ते सुकू नयेत म्हणून प्रत्येक मोठ्या स्टेशनावर पोतं नळाखाली धरलं होतं. ताप उतरायच्या आत त्यांनी शेतातल्या विहिरीजवळ खड्डा खणायला घेतला. तळाशी गाळ, वर पाणी. यजमानांनी पाहिलं आणि म्हणाले, "पीक सोडून चिखल पाळतं काय आता?" विहिरीचं पाणी त्यात घालायचं नाही, एवढं बजावून ते निघून गेले. भाऊजींनी ते मानलं. त्यांनी कावड घेतली आणि रोज नाल्यावरून पाणी आणलं. त्यांच्या बेचैनीला पहिल्यांदाच काहीतरी काम मिळालं, असं सासूबाई म्हणाल्या.

सव्वीस जानेवारीला फूल शाळेत न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. थंडीत होती ती चार पानंही तपकिरी होऊन पाण्यात बसली. झेंड्याच्या दिवशी ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून पाण्यात काठी फिरवत होते. मी भाकरी घेऊन गेले, तर म्हणाले, "मेलं वाटते, वहिनी." मी भाकरी काठावर ठेवून परतले. उन्हाळ्यात नाला आटला, तर ते आणखी लांबून कावड आणू लागले. गावाला वाटलं, आता पूर्ण गेला हा माणूस कामातून. आणि चैत्र संपता संपता गुंडाळलेल्या विडीसारखं एक पान पाण्यावर आलं. त्या श्रावणात नाही, पुढच्या श्रावणात फूल आलं. आसपासच्या खेड्यांतून माणसं बघायला यायची. बायका लांबूनच हात जोडायच्या. यजमानही एकदा सकाळी गेले, बराच वेळ पाहत राहिले आणि येऊन मला म्हणाले, "मोठंच असते ना वं ते." त्या दिवसापासून विहिरीचं पाणी खड्ड्यात पडू लागलं.

त्याच खड्ड्याशेजारी भाऊजींनी चमेलीचा एक वेल लावला होता. कमळाच्या नादात तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वेल आंब्यावर चढला आणि संध्याकाळी त्याचा वास बांधापर्यंत यायचा. मी देवासाठी फुलं तोडायची. भाऊजींनी मला कधी अडवलं नाही, पण पावसापूर्वी एकदा वेल वाळतोय असं वाटलं तेव्हा त्यांचा चेहरा कमळाच्या वेळी झाला नव्हता इतका उतरला होता. मला तेव्हा त्याचं कोडं वाटलं.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला त्यांनी शाळेत फुलं नेली. झेंड्याच्या घडीत बांधायला कमळाच्या सुट्या पाकळ्या, आणि वर ओंजळभर चमेली. आम्ही बायका शाळेच्या भिंतीजवळ उभ्या होतो. गुरुजी घडी घालत होते, तेवढ्यात पाटलांचा मुलगा पुढे आला. वाशीमला शिकून आलेला, पेपर वाचणारा तरुण तो. म्हणाला, "गुरुजी, ही चमेली काढा. पाकिस्तानच्या नव्या शिक्क्यावर हेच फूल आहे, मी वाचलं आहे. आपल्या झेंड्यात ते कसं चालेल?"

गुरुजींचे हात थांबले. मागून कुणीतरी हळू आवाजात बोललं, की लढाईत हा कुठे कुठे राहिला, कुणाबरोबर राहिला, काय माहीत. ते भाऊजींनी ऐकलं. माझ्या यजमानांनीही ऐकलं. त्यांची मान खाली गेली. भाऊजी इतके स्थिर उभे राहिलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. मग ते म्हणाले, "काढा. पण त्या वेलाची फांदी मी तुमच्याच परसातून आनली. फूल काढता तं तो वेल बी उपटा मंग."

पाटलांच्या मुलानं वळून आपल्या आईकडे पाहिलं. पाटलीणबाई आमच्यातच उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर सावरत. चारचौघांत त्या कधी बोलत नसत. त्या म्हणाल्या, "माह्या सासूनं लावला तो वेल. तिच्या हातचं फूल परकं कसं हुईन? बांधा गुरुजी तुमी." आणि गुरुजींनी घडी बांधली. दोरी ओढल्यावर कमळाच्या पाकळ्या सरळ खाली पडल्या आणि चमेली वाऱ्यानं मुलांच्या डोक्यांवर पसरली. गाणं झालं, गूळ-फुटाणे वाटले. भाऊजींनी घेतले नाहीत.

मला वाटलं होतं, झाला प्रकार मिटला. पण आईनं सगळ्या गावासमोर खाली पाहायला लावलं, हे पाटलांच्या मुलाच्या मनातून गेलं नाही. त्यांचं आणि आमचं शेत बांधाला बांध. पेरणीला त्यांची बैलजोडी आमच्याकडे, आमची तिफण त्यांच्याकडे, असं पिढ्यांचं चाललेलं. ते बंद झालं. रस्त्यात दिसला तर तो तोंड फिरवायचा. यजमानही हट्टाचे, त्यांनीही बोलणं टाकलं. घरात मात्र ते भाऊजींवर चिडायचे, की फुलापायी शेजार गेला. भाऊजी उठून बाहेर जायचे.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी मी चुलीपुढे होते आणि भाऊजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. लॉरीवर त्यांच्या जोडीला फजल नावाचा माणूस होता, झेलमकडचा. वाळवंटात दोघं एकत्र पकडले गेले, कैदेत एका ताटात जेवले. त्या गोऱ्यानं फूल विचारलं तेव्हा भाऊजी झेंडू म्हणाले आणि फजल हसला. त्याच्या आईच्या दारात चमेली होती. तो म्हणाला, देशाचं फूल चमेली. हे म्हणाले, तुझ्या दारचं फूल साऱ्या देशाचं कसं? तो म्हणाला, तुझ्या दसऱ्याचं तरी कसं? हसता हसता दोघं भांडले, एकमेकांच्या घरादारावर गेले. गोरा ब्रश घेऊन थांबला आणि कंटाळून निघून गेला.

"भिंतीवर साऱ्यायचे फुलं निघाले, वहिनी. आमची जागा तशीच कोरी राह्यली."

दोघांचं बोलणं बंद झालं. एका खोलीत राहून बंद. नंतर तिकडचं राज्य कोसळलं, पहारेकरी पळाले, कैदी वाट फुटेल तिकडे गेले. फजल डोंगराकडे गेला, भाऊजी दुसऱ्या बाजूला. निघताना फजलनं एकदा मागे पाहिलं होतं, असं त्यांना वाटायचं, पण खात्री नव्हती. मग देशाचे दोन देश झाले आणि झेलम पलीकडे गेलं. "त्याचं फूल आता ठरलं, माहं बी ठरलं," ते म्हणाले. "पण आमी दोघं एकाच नंबरच्या टोपीवाले होतो. असू दे चमेली, एवढंच म्हनायचं राह्यलं." चुलीतलं लाकूड पुढे सारायचंही मला भान राहिलं नाही.

त्या हिवाळ्यात ते निघाले. चमेलीची एक मुळं फुटलेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली आणि वाशीमहून रेल्वेत बसले. कुठे जातोय ते फक्त मला माहीत होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. सासूबाई रोज संध्याकाळी मोटारीच्या वेळी दारात उभ्या राहायच्या. यजमान विचारायचे नाहीत, पण मोटारीचा भोंगा ऐकू आला की हातातलं काम थांबायचं. मला स्वतःला धड झोप लागत नव्हती. भाऊजींची बेचैनी घरात सांडून गेली होती.

परत आले तेव्हा बरेच वाळले होते. सरहद्दीपर्यंत पोहोचले, पण कागदपत्रांशिवाय त्यांना पलीकडे कोण जाऊ देणार? तिथे दोन्ही बाजूंचे हमाल रेषेपर्यंत येतात आणि इकडच्याच्या डोक्यावरचं ओझं तिकडच्याच्या डोक्यावर जातं, माणूस मात्र रेष ओलांडत नाही. हे त्यांनी पुष्कळ पाहिलं. मग एका हमालाला विनवून ती फांदी पलीकडच्या हमालाच्या हातात दिली आणि ओरडून सांगितलं, की झेलमकडे फजल नावाचा लॉरीवाला आहे, त्याला द्या. पलीकडचा म्हातारा हमाल हसला. "बेटा, यहाँ तो हर गाँव में फजल है," तो म्हणाला. "लगा देंगे किसी के आँगन में." भाऊजींनी हे सांगितलं आणि माझ्याकडे पाहत राहिले, जणू त्यांनी बरं केलं की नाही ते मी सांगायचं होतं. मी म्हटलं, लागेल तिथे. त्यांनी मान हलवली.

ते शांत होतील अशी मला आशा होती. पण नाही झाले. आमचा मुलूख नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला त्या सुमारास त्यांनी मालाच्या ट्रकवर नोकरी धरली. आधी अकोल्यापर्यंत, मग पार उत्तरेत, डोंगरात नवे रस्ते होत होते तिकडे. शेवटचे आले तेव्हा चार दिवसच राहिले. निघताना मी विचारलं, की आता कधी. मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवून ते म्हणाले, "वहिनी, मले जायची हौस नाई. थांबता येत नाई, एवढंच." सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. मोटार निघाली.

दीड-दोन वर्षांनी एका दुपारी एक सरदारजी आमचं घर विचारत आले. त्यांच्या खांद्यावर भाऊजींची पत्र्याची पेटी होती. ते आणि भाऊजी एकाच ट्रकवर होते. डोंगरात ताप आला, दवाखाना लांब होता, वाटेतच भाऊजी गेले. पेटी घरी पोहोचवायला तो माणूस देशाच्या त्या टोकावरून आला होता. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. यजमानांनी पेटी अंगणातल्या ओट्यावर उतरवून घेतली आणि विचारलं, "अखेरीले काही बोलला काय?"

सरदारजी म्हणाले, की तापात होते, काही बोलले नाहीत. मग त्यांना वाटलं असावं की एवढ्यावर या माणसाला कसं सोडायचं. त्यांनी सांगितलं, "आपके भाई की एक ही बात थी. किसी से बोलचाल बंद हो जाए, तो गाड़ी आगे नहीं ले जाता था. एक बार ढाबेवाले से झगड़ा हुआ, तो आधे रास्ते से गाड़ी घुमा ली. माल देर से पहुँचा, मालिक ने गालियाँ दीं. हँसता रहा."

दुसऱ्या दिवशी सरदारजींना मोटारीत बसवून यजमान घरी आले. ओसरीवर बसले, उठले, पुन्हा बसले. मग टोपी घातली आणि बाहेर पडले. मला वाटलं शेताकडे निघाले, पण ते पाटलांच्या गल्लीकडे वळले. मी दारात उभी राहिले. आत तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास आला, तरी मला हलवेना. तिथे काय बोलणं होईल, होईल की नाही, काही सुचत नव्हतं.

खूप वेळानं ते दिसले. बरोबर पाटलांचा मुलगा होता. दोघं शेजारी शेजारी चालत होते. अंगणात आल्यावर तो पेटीपाशी थांबला, तिच्या कडीला हात लावला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वहिनी, मले पानी द्या."

मी आत गेले, तांब्या भरला, आणि तिथे माठापाशी मला पहिल्यांदा रडू आलं.